सातवा हात

मधलीला कोणी वळवायचं, यावरून ती दवाखान्यातून घरी यायच्या आधीच धुसफूस सुरू झाली होती.

नर्सने तिघांना बोलावून सगळं दाखवून ठेवलं होतं. पाठीच्या कण्याचं असं मोठं ऑपरेशन झालेल्या माणसाला कुशीवर करायचं ते लाकडाच्या ओंडक्यासारखं, सबंध एका वेळी. एकाने खांद्यांशी उभं राहायचं, एकाने कमरेशी, एकाने पायांशी. मोजायचं, आणि 'तीन' म्हटलं की सगळे हात एकदम हलले पाहिजेत. कंबर एवढीशी मागे राहिली तरी नवे स्क्रू हाडातून सुटतील. "मग पुन्हा ऑपरेशन," नर्स म्हणाली होती, "आणि पुन्हा करण्याइतकं हाड यांच्यात उरलेलं नाही."

धाकटी लगेच म्हणाली, "मी खांद्यांशी." वहिनी म्हणाली, "मी पायांशी." उरली कंबर आणि उरला दादा.

"कमरेशी मी नाही," दादा म्हणाला.

"का हो?" वहिनीने विचारलं.

"माझे हात जड आहेत."

पन्नाशीला आलेला माणूस, ओल्या चादरींचं गाठोडं एका दमात खांद्यावर घेणारा, आणि त्याचे हात बहिणीसाठी जड झाले! धाकटीला ते झोंबलं. तसंही तिचं आणि दादाचं चार वर्षं फाटलेलंच होतं. घरची लाँड्री सोडून तिने औषधाच्या दुकानात नोकरी धरली, तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलायची ती वहिनीच्या मार्फत. शेवटी वहिनी कमरेशी गेली आणि दादा पायांशी. मधलीला हे सगळं कळलं तेही वहिनीकडूनच. वहिनीच्या पोटात काही राहत नसे.

मधलीची पाठ ही त्या घरातली जुनी गोष्ट. एकोणीस वर्षांची असताना ती वाळवणाच्या माळ्यावरून पडली. माळ्याच्या तक्तपोशीत एक झडप होती. वाळलेल्या चादरींची गाठोडी तिच्यातून खाली इस्त्रीच्या दालनात टाकत. त्या दिवशी झडप उघडी राहिली. टांगलेल्या चादरी हातांनी बाजूला सारत मधली चालत आली आणि सरळ खाली गेली. तेव्हा पाठीत सळया घालून तिला उभं केलं. सत्तावीस वर्षं त्या सळयांवर तिने इस्त्रीचा रोलर चालवला, गिऱ्हाइकांशी हुज्जत घातली, दादाच्या दोन्ही मुलींना काखोटीला मारून मोठं केलं. या वर्षी एक सळई तुटली, स्क्रू ढिले झाले, डावा पाय बधिर पडू लागला. जुनं सगळं काढून नवं घालायचं ऑपरेशन सात तास चाललं.

झडप कोणी उघडी टाकली, हेही घरात कधीचं ठरून गेलेलं होतं. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाने. तो बॉयलर सांभाळायचा, म्हणून मुलं त्याला वाफकाका म्हणत. झडप त्याने उघडी टाकली आणि वर पोरीला पडल्या जागेवरून उचलायची घाईही त्यानेच केली, म्हणून तिची पाठ कायमची गेली. असं अप्पा म्हणाले, आणि अप्पा म्हणाले ते घराने ऐकलं. वाफकाका महिन्याभरात निघून गेला. पुढे पुढे त्याचा विषय निघाला की अप्पांचं कानातलं यंत्र नेमकं बंद पडू लागलं.

पण यावेळी घरी सोडताना सर्जनबाई मधलीच्या खाटेशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही पडलात तेव्हा तुम्हाला उचललं कोणी?"

"काकांनी. का हो?"

"जुन्या हाडाची एक कपची आत रुतून बसली होती. मज्जारज्जूपासून केसाएवढी लांब. तुमच्या काकांनी कंबर तसूभरही हलू दिली नसणार. कसं जमवलं कोण जाणे. नाहीतर त्याच दिवशी पाय गेले असते."

मधलीने हे कोणालाही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे सत्तावीस वर्षांची घडी विस्कटायची, आणि तिला तर धड शिंकायचीही परवानगी नव्हती.

खाट लावली होती पुढच्या खोलीत, जिथे एरवी गिऱ्हाइकांचे कपडे मोजून घेत. जिना चढायची बंदी होती. भिंतीपलीकडे इस्त्रीचं दालन. रोलरची घरघर आणि वाफेचा सुस्कारा दिवसभर भिंतीतून येई. दाराशी अप्पांची खुर्ची. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. काम काही नव्हतं, पण आल्यागेल्यावर नजर असायची.

पहिल्या दिवशी सकाळी दहाला तिघं खाटेभोवती उभी राहिली.

"एक," धाकटीने सुरुवात केली.

मधली उताणी होती. छताकडे बघता बघता तिला एकेकाचे हात ओळखू आले. खांद्यांखालचे धाकटीचे, गार आणि घाबरलेले. मांडीखाली आणि नितंबाखाली वहिनीचे, मऊ. पायांखाली दादाचे. आणि कमरेच्या खळग्यात, पट्टीच्या बरोबर खाली, आणखी एक. मोठा, कोरडा, गरम. तळवा वर करून सपाट ठेवलेला. तो ढकलत नव्हता, उचलत नव्हता. नुसता खाली होता.

"दोन. तीन."

ती सबंध वळली. दुखेल म्हणून दात आवळले होते, ते आवळलेलेच राहिले, दुखलंच नाही. भिंतीकडे तोंड झालं, पाठीशी उशा लागल्या.

"झालं गं वहिनी," मधली म्हणाली. "आता काढ हात."

"कुठला हात?"

"कमरेखालचा."

वहिनी खाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरली आणि तिने आपले दोन्ही पंजे मधलीच्या डोळ्यांसमोर धरले. "हे बघ माझे." मागून धाकटी म्हणाली, "माझे हे उशीवर आहेत, ताई." दादाचे अजून पायांशीच होते.

हात तसाच होता. गादी आणि अंगाच्या मधे, जिवंत माणसाचा असावा तसा ऊबदार. मग तो सावकाश मागे सरकू लागला. झोपलेल्या मुलाखालून आई हात काढते तसा, एकेक बोट सोडवत. मधलीने श्वास धरून मोजलं. करंगळी. मग काहीच नाही. मग मधलं बोट, मग पुढचं, मग अंगठा.

"चादरीला वळी पडली असेल," धाकटी म्हणाली.

"मी घातलेल्या चादरीला वळी?" वहिनी तिथल्या तिथे फणकारली.

संध्याकाळी सर्जनबाईंना फोन केला. दबलेल्या नसा मोकळ्या झाल्या की असं होतं, त्या म्हणाल्या. नसलेलं जाणवतं. कुणाला मुंग्या, कुणाला पाणी वाहिल्यासारखं. चार-सहा आठवड्यांत जाईल, घाबरायचं कारण नाही.

मधली घाबरली नव्हती, हीच तर गंमत होती. घाबरली होती ती बाकीची माणसं.

हात रोज येत राहिला. दर वळवण्याला, आणि वेळेच्या थोडा आधी. तीन दिवसांत मधली त्यावरून वेळ सांगू लागली. "चला, व्हायला आली वेळ," ती म्हणे, आणि धाकटी घड्याळाकडे बघे, तर खरंच दहा मिनिटं उरलेली असत. एकदा वहिनी सूप भरवत होती. मधली घास घेता घेता थांबली आणि तिने डोळे मिटले. वहिनीने चमचा वाडग्यात ठेवला.

"आला?"

"हं."

वहिनीने पांघरुणाची कड उचलून, वाकून, गादी आणि कंबर यांच्यामधल्या फटीत पाहिलं. भर दुपार होती, खिडकीतून ऊन खाटेवर आलेलं. फटीत नुसता काळोख होता, चार बोटांचा. वहिनीने त्यात आपली बोटं घालून पाहिली आणि पटकन काढून घेतली.

"काय गं?"

"काही नाही. गरम आहे जरा."

पाचव्या दिवशी धाकटीला रडू कोसळलं. ती उशीशी बसली आणि मधलीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "मला माहितीये कोणाचा आहे. आईचा. मागच्या वेळी आईनेच केलं ना तुझं सगळं? ती आहे म्हणून शांत वाटतं मला." आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

वहिनीनेही मान हलवली. आई असेल तर कोणाची काय हरकत होती? गेले पाच दिवस या दोघींचं चांगलंच मेतकूट जमलं होतं. एरवी धाकटीचं नाव निघालं की 'तुमच्या त्या औषधवाल्या बाई' असं म्हणणारी वहिनी आता तिच्यासाठी चहा झाकून ठेवायची. दादा पायांशी उभा होता, वळवून झालं की पळायच्या बेतात. दाराशी अप्पा.

मधलीला वाटलं, गप्प राहावं. आई म्हणताहेत तर आई. पण त्या हाताने तिची कंबर सांभाळली होती, आणि त्याला दुसऱ्याचं नाव द्यायचं तिच्या जिवावर आलं.

"आईला पाच बोटं होती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"याला चारच आहेत. करंगळीच्या शेजारचं नाही."

करंगळीच्या शेजारचं बोट कोणाचं तुटलेलं होतं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. वाफकाकाचं. ते रोलरमध्ये गेलं तेव्हा मधली सात वर्षांची होती. नंतर त्याच हाताने तो मुलांना सावल्यांचे प्राणी करून दाखवायचा, आणि त्याच्या सशाला एक कान कमी असायचा.

दादाने पायांखालचे हात काढले. "बॉयलर बघून येतो," म्हणाला, आणि गेला.

अप्पांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.

त्यानंतर दादा वळवायला येईनासा झाला. सकाळी गाडी घेऊन चादरी पोचवायला जायचा, दुपारी रोलर अडलाय म्हणायचा. दोघींवर काम पडलं. सातव्या दिवशी दुपारी दोनला धाकटीने खांदे धरले, वहिनीने एक हात कमरेशी आणि एक गुडघ्यांशी घातला. तसं करू नका, असं नर्सने शंभरदा बजावलं होतं. पण मधलीचा खांदा दुखून दुखून काळानिळा झाला होता, आणि तिला त्या कुशीवर आणखी राहवेना.

"एक, दोन, तीन."

ती अर्धी वळली असेल. फरशीवर सांडलेल्या पाण्यावर धाकटीचा पाय सरकला. खांदे तिच्या हातून निसटले. वहिनी तोल सावरायला गेली आणि तिचे दोन्ही हात सुटले. मधलीला कळलं, आता पाठ पिळणार. तिला झडपेतून पडतानाचं कधीच काही आठवलं नव्हतं. त्या क्षणी आठवलं. पोटातली ती पोकळी, डोक्यावर हलणाऱ्या पांढऱ्या चादरी, आणि मग खाली, आपण पडलोय हे कळायच्याही आधी, कमरेखाली सरकलेला एक हात. 'हलू नकोस. मी आहे. हलू नकोस, पोरी.'

ती पिळली नाही. अर्ध्यावर, कोणाचाही आधार नसताना, ती तशीच राहिली. मग हळूहळू, सबंध, परत पाठीवर आली.

धाकटी फरशीवर बसून हुंदके देत होती. "ताई, लागलं? पाय हलव. ताई, पाय हलव ना गं!"

मधलीने दोन्ही पायांचे अंगठे हलवले.

वहिनी रडली नाही. ती भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता. "मी बघितलं," ती म्हणाली. "चादर. कमरेखाली चादर खाली दबली होती. उशीत कोपर रोवलं की दबते तशी. इथे." तिने जागेकडे बोट दाखवलं, हात मात्र लावला नाही. मग ती वळली आणि तडक आतल्या दालनात गेली.

रोलर बंद पडला. भिंतीतून आता शब्द येऊ लागले.

"तुमची बहीण आत्ता मोडली असती!"

"मी सांगितलं होतं, माणूस ठेवू या..."

"माणूस नको, तुम्ही हवे होतात! काय झालंय तुम्हाला? त्या हाताचं बोलणं निघाल्यापासून बघतेय. त्या खोलीत पाय ठेवत नाही तुम्ही. काकांना तुम्ही का घाबरता? त्यांनी तुमचं काय वाईट केलंय?"

वाफेची तोटी फिरवून बंद केल्याचा आवाज आला.

"काही नाही," दादा म्हणाला. "त्याने माझं काही वाईट केलं नाही."

मग दालनाचं दार उघडलं. दादा पुढच्या खोलीत आला तो सरळ खाटेशी, मधलीला दिसेल अशा जागी उभा राहिला. अंगाला साबणाचा आणि घामाचा वास येत होता. वहिनी त्याच्या मागे. धाकटी अजून फरशीवरच.

"झडप मी उघडली होती," दादा म्हणाला.

त्याने खाटेची कड धरली आणि पुढे सांगू लागला.

"गाठोडं खाली टाकलं. लावायला किती वेळ लागतो? दोन श्वास. खिडकीतून रस्त्यावर कोणी जाताना दिसलं, मी तिकडे धावलो." त्याने वहिनीकडे पाहिलं नाही. "ही जात होती. समोरच्या रंगाऱ्याकडे यायची तेव्हा. मागे धप्प आवाज झाला."

वहिनी हळूच स्टुलावर बसली.

"अप्पांनी विचारलं, झडप कोणी उघडी टाकली. मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात काका म्हणाला, मी."

"आणि तू मिटलंस," धाकटी म्हणाली. चार वर्षांत तिने त्याच्याशी सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य होतं.

"मिटलं."

मधली छताकडे बघत होती. तिला राग शोधूनही सापडेना. सापडली ती एक वेगळीच गोष्ट, आणि ती तिने विचारली. "काकाला कसं कळलं, की तू?"

"माझ्या तोंडाकडे बघून."

"मग अप्पांना नाही कळलं?"

सगळ्यांचं लक्ष दाराकडे गेलं. अप्पा खुर्चीत ताठ बसले होते. यंत्र खिशात होतं. वहिनी उठली, त्यांच्या खिशातून यंत्र काढलं आणि न विचारता त्यांच्या कानात घातलं. आजवर तिने सासऱ्यांसमोर आवाजही चढवला नव्हता.

"ऐकलं मी," अप्पा म्हणाले. "मला त्याशिवायही ऐकू येतं."

"अप्पा?"

"तो वर नव्हताच. आवाज झाला तेव्हा तो बॉयलरपाशी माझ्याशी बोलत उभा होता. दोघं एकदम धावलो. तो पुढे गेला. हिच्या कमरेखाली हात घातला तो इस्त्रीची लांब फळी येईपर्यंत काढला नाही, फळीवर घेतल्यावर काढला नाही, गाडीत काढला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा काढला. तोवर हात काळा पडला होता त्याचा."

"आणि तुम्ही म्हणालात, उचलायची घाई केली म्हणून पाठ गेली!" धाकटी किंचाळलीच.

"त्याने खोटं सांगितलं, मी ते घेतलं. एक मुलगी आडवी झाली होती, मुलगा उभा राहायला हवा होता." अप्पा थांबले. "पण नंतर तो रोज समोर दिसायचा. निमूट कोळसा घालायचा. मला बघवेना. मग घालवायला काहीतरी म्हणावं लागलं."

हे सगळं त्यांनी असं सांगितलं, की जणू दुसऱ्याच कोणाच्या घरात घडलं होतं. फक्त खुर्चीचा दांडा धरलेली त्यांची बोटं पांढरी झाली होती.

मधलीने तेव्हा सर्जनबाईंचं बोलणं सांगितलं. ती केसाएवढी जागा, ती कपची. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "काका कुठे आहे, तुम्हाला माहीत असणार अप्पा."

"दर वर्षी पत्र येतं. पाकिटावर पत्ता असतो."

"दादा, गाडी काढ."

"तो येणार नाही," अप्पा म्हणाले.

"मग मी जाईन," मधली म्हणाली. "या खाटेसकट."

दादा दुसऱ्या दिवशी पहाटे निघाला. तीन तास जायला, तीन यायला. पण तो त्या दिवशी परतला नाही. फोनवर एवढंच म्हणाला, "आहे. भेटला. उद्या घेऊन येतो." आवाज असा होता, की वहिनीने पुढे काही विचारलं नाही. त्या दिवशी शेजारच्या दुकानातल्या दोन बायका मदतीला आल्या आणि मधलीला वळवून गेल्या. हात आला होता. पण त्या दिवशी तो पहिल्यांदाच थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गाडी थांबली. मधलीला खाटेवरून फक्त दाराची चौकट दिसायची. तिच्यात आधी दादा आला. मग त्याच्या खांद्याला धरून एक वाळलेला, उंच म्हातारा. डोळे तेच. चौकटीतच थांबून त्याने दादाला विचारलं, "सांगितलंस हिला?"

"सांगितलं, काका. सगळ्यांसमोर."

"कशाला रे," काका पुटपुटला. पण मग आत आला.

त्याचा उजवा हात गळ्यातल्या पट्टीत अडकवलेला होता.

"काय झालं हो काका?" मधलीने विचारलं. इतक्या वर्षांनी पहिलं काय बोलायचं हे तिने रात्रीपासून जुळवून ठेवलं होतं. ते सगळं हवेत गेलं.

"काय व्हायचंय? वय झालं. एका वसतिगृहात बॉयलर बघतो मी अजून. सकाळी चाक फिरवायला गेलो, तर हात उचलेना. बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणतात नस आहे कसलीतरी."

"कधी?"

"आज तेवीस दिवस झाले."

धाकटीने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिलं. ऑपरेशनला तेवीस दिवस झाले होते.

"दुखतो का?" वहिनीने विचारलं.

"सुई टोचली तरी कळत नाही. फक्त ओझं कळतं." काकाने जरा विचार केला. साध्या गोष्टी नीट सांगायची त्याची जुनी सवय होती. "कसं सांगू, कोणीतरी हातावर निजलंय, आणि त्याला जाग येऊ द्यायची नाही, असं. डॉक्टर म्हणाले व्यायाम करा, हलवा. पण मला काही तो हलवावासा वाटेना. कोण निजलंय ते कळत नव्हतं. हलवायचा नाही, एवढं कळत होतं."

वहिनीने पुढे होऊन पट्टी सारखी करायचं निमित्त केलं. हात पट्टीत उताणा ठेवलेला होता. तिने तो अलगद उचलला आणि मागची बाजू पाहिली. कातडीवर बारीक बारीक चौकड्या उठल्या होत्या, दाबून धरलेल्या कापडाच्या विणीच्या. पट्टी सुती आणि सैल होती. तिची वीण अशी नव्हती. वहिनीने आयुष्यभर चादरी हाताळल्या होत्या. कुठल्या चादरीची वीण कशी उठते, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने हात पुन्हा पट्टीत ठेवला आणि खाटेवरच्या चादरीकडे बघायचं टाळलं.

"काका," दादाने सुरुवात केली, "मी तुझा..."

"नंतर," काका म्हणाला. "आधी हिचं काय ते बघा. वेळ झाली ना?"

वेळ झाली होती. आजपासून पट्टा बांधून खाटेच्या कडेला बसवायचं होतं, पाच मिनिटं. वहिनीने कडक पट्टा आणला, धाकटीने तो मधलीच्या पोटाभोवती आवळला. दादा कमरेशी येऊन उभा राहिला. कोणी सांगण्याआधी, आपणहून.

"एक," धाकटी म्हणाली.

मधलीने वाट पाहिली. धाकटीचे हात आले. वहिनीचे आले. दादाचे आले, घामेजलेले, जड, खरंच जड. कमरेखालची ती जागा मात्र रिकामी होती. नुसती गादी. इतक्या दिवसांत तिला पहिल्यांदा भीती वाटली.

"थांब," ती म्हणाली. "थांबा जरा. नाहीये."

काका तिच्याकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता, चेहरा मात्र सैल पडत चालला होता, लांबून आणलेलं ओझं उतरवून ठेवलेल्या माणसाचा असतो तसा.

"दादा आहे," काका म्हणाला. "ऊठ."

"दोन," धाकटी म्हणाली. "तीन."

मधली उठली. खोली एका बाजूने वर आली, गरगरली, आणि जागेवर बसली. दुखलं. यावेळी चांगलंच दुखलं, डोळ्यांतून पाणी आलं. दादाचे हात तिच्या कमरेशी घट्ट होते, आणि ते सुटले नाहीत. तेवीस दिवसांनी तिला माणसं उभी दिसली, चेहऱ्यापासून पायांपर्यंत.

अप्पा खुर्चीतून उठले होते. दोन्ही भाऊ हाताच्या अंतरावर समोरासमोर होते. अप्पांनी खुर्चीकडे बोट केलं.

"बस," ते म्हणाले. मग खुर्ची थोडी पुढे ओढत, "दमून आलायस."

काकाने नकाराची मान हलवली. "हिची पाच मिनिटं होऊ देत, भाऊ."

वहिनी घड्याळाकडे बघत राहिली. मधली बसली होती, अप्पा उभे होते, काका उभा होता, आणि भिंतीपलीकडे बंद रोलरमधली वाफ थंड होत होती.